ह्यूमन लंग पेरिसाइटची वायल : बडोद्यातल्या आमच्या लॅबचा दीड वर्षाचा अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. सेल्स चांगल्या आहेत, त्या वाढवायचं द्रव म्हणजे मीडियापण चांगला आहे, पण उन्हाळ्यात मागवू नका आणि पाचव्या पॅसेजपासून (पॅसेज म्हणजे भरलेल्या फ्लास्कमधल्या सेल्स काढून नव्या फ्लास्कमधे पसरवणं) त्यांना पेरिसाइट म्हणू नका. बाकीचं सविस्तर लिहितेय कारण आम्ही मागवायच्या आधी मी दोन महिने शोधत होते की आपल्याकडच्या हवेत, आपल्याकडच्या कुरिअरने, आपल्यासारख्या लॅबमधे कोणी या सेल्स वापरून काही लिहिलंय का, आणि काहीच मिळालं नाही. जे होतं ते कंपन्यांनी स्वतः लिहिलेलं, आणि कंपनीच्या फोटोत प्रत्येक सेल देखणीच असते.

कंपनीचं आणि डीलरचं नाव लिहीत नाहीये. पहिल्या पार्सलची जी गत झाली ती नक्की कोणाच्या हातून झाली हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, मग एकाला धरून बदनाम करणं मला पटत नाही. तसंही मी जे सांगतेय ते तुम्ही कुठल्याही कंपनीची वायल, म्हणजे गोठवलेल्या सेल्सची कुपी, घेतलीत तरी लागू पडेल.

पेरिसाइट म्हणजे काय ते दोन ओळीत. आपल्या सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या, ज्यांना केशवाहिन्या म्हणतो, त्यांची भिंत एंडोथेलियल सेल्सची असते, आणि त्या भिंतीला बाहेरून बिलगून बसलेली, लांब हात पसरून वाहिनीला कवटाळणारी जी सेल तीच पेरिसाइट. रुजे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७३ मधे तिचं नीट वर्णन केलं, म्हणून बरीच वर्षं तिला रुजेची सेल म्हणायचे, आणि पेरिसाइट हे नाव झिमरमनने १९२३ मधे दिलं. डोळ्याच्या पडद्यात जवळपास एका एंडोथेलियल सेलमागे एक पेरिसाइट असते, फुफ्फुसात साधारण दहामागे एक आणि हातापायाच्या स्नायूत शंभरामागे एक असं सांगतात. एंडोथेलियल सेल पीडीजीएफ बी नावाचा निरोप पाठवते आणि पेरिसाइट तिच्या अंगावरच्या पीडीजीएफआर बीटा या रिसेप्टरने तो निरोप घेऊन वाहिनीपाशी येते. उंदरात हा निरोपच बंद केला तर पेरिसाइट पुरेशा येत नाहीत, केशवाहिन्या जागोजागी फुगतात, रक्तस्राव होतो आणि पिल्लं जन्माच्या सुमारास मरतात. एवढ्याशा सेलवर एवढं अवलंबून आहे.

आम्हाला ती का हवी होती ते सांगते, नाहीतर एवढा खर्च कशासाठी असं वाटेल. बडोद्याहून खंभात काही फार लांब नाही आणि खंभातचा अकीक सगळ्यांना माहीत आहे, पण तो घासणाऱ्यांची फुफ्फुसं कशी होतात ते फार थोड्यांना माहीत आहे. मी एकदा आमच्या लॅबच्या मॅडमबरोबर खंभातच्या शकरपूरला गेले होते. एक बाई घराच्या ओट्यावर चाकावर मणी घासत बसली होती, तोंडावर साडीचा पदर, बाजूला लहान मुलगा, आणि तिच्या पापण्यांवर पिठासारखी पांढरी धूळ बसलेली. ती धूळ म्हणजे सिलिका. पापणीवर दिसते ती निदान धुतली जाते, आत जाते ती निघत नाही. मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या सेल्स, ती गिळतात, पचवू शकत नाहीत, स्वतः मरतात, मग दुसऱ्या येतात, सूज राहते ती राहतेच आणि हळूहळू फुफ्फुस दगडासारखं घट्ट होत जातं. सिलिकोसिस एकदा झाला की तो मागे फिरवणारं औषध आजही नाही. तो डाग, म्हणजे स्कार, बनवणाऱ्या मायोफायब्रोब्लास्ट कुठून येतात हा प्रश्न आहे, आणि पेरिसाइट वाहिनी सोडून त्या कामाला लागतात का यावर अजून वाद आहे. उंदरांवर काम करणाऱ्या एका गटाने २०११ मधे दाखवलं की पेरिसाइट वाढतात खऱ्या पण त्यांच्यात अल्फा स्मूथ मसल ॲक्टिन, म्हणजे डाग बनवणाऱ्या सेल्सची खूण असलेलं प्रथिन, फारसं येत नाही, आणि २०१३ मधे दुसऱ्या गटाने वेगळं लेबल वापरून दाखवलं की पेरिसाइटच्या घराण्यातल्या सेल्सच डाग बनवणाऱ्यांमधे मोठ्या संख्येने आहेत. फुफ्फुसाच्या फायब्रोसिसवर, म्हणजे डाग पडून घट्ट होण्यावर, २०१४ मधे अमेरिकेत मान्यता मिळालेलं निनटेडानिब ज्या रिसेप्टरवर काम करतं त्यात पीडीजीएफचे रिसेप्टरपण आहेत, म्हणजे पेरिसाइटला हात लावणारं औषध पेशंटच्या हातात ऑलरेडी आहे. म्हणून आम्हाला माणसाच्या, फुफ्फुसाच्याच पेरिसाइट हव्या होत्या, उंदराच्या नको आणि मेंदूच्याही नको.

आता खरेदी. वायल, मीडिया, सप्लिमेंट, पॉली एल लायसिन, शिपिंग, ड्युटी सगळं मिळून लाखाच्या वर गेलं. तीन कोटेशन, परचेस कमिटी, एथिक्स कमिटी, बायोसेफ्टी कमिटी, हे सगळं ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. एकच गोष्ट सांगते. एथिक्सवाल्यांनी विचारलं की दाता कोण, वय किती, आणि मला तेव्हा फक्त कागद पूर्ण करायचा होता म्हणून मी कंपनीकडून लॉट शीट मागवली, पण ती वाचल्यावर लक्षात आलं की हा प्रश्न खरंतर मीच आधी विचारायला हवा होता. बाजारात मिळणाऱ्या काही प्रायमरी, म्हणजे थेट टिश्यूमधून काढलेल्या, सेल्स गर्भाच्या टिश्यूमधून काढलेल्या असतात. काही प्रयोगांना त्याने फरक पडत नाही, पण पन्नाशीतल्या कामगाराच्या फुफ्फुसाचा अभ्यास करायचा आणि सेल्स गर्भाच्या घ्यायच्या हे जुळत नाही. आम्ही मोठ्या माणसाचा लॉट मिळेपर्यंत सहा आठवडे थांबलो. थांबणं योग्यच होतं. फक्त त्या सहा आठवड्यांनी पार्सल बरोबर मे महिन्यात आणून ठेवलं.

मे महिन्यातलं बडोदं. बाहेर ४३ डिग्री. पार्सल शुक्रवारी येणार होतं ते आलं सोमवारी, मधे शनिवार रविवार ते कुठल्या गोडाऊनमधे होतं देव जाणे. डीलरच्या माणसाला मी शनिवारपासून फोन करत होते आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर, बेन चिंता ना करो, आवी जशे. खोक्यावर ड्राय आइसचं यूएन १८४५ वालं लेबल होतं, त्यावर निघताना किती किलो घातलाय ते लिहिलेलं असतं, तर ते होतं ५ किलो. आत शिल्लक होता सुपारीएवढा एक तुकडा. थर्माकोलच्या तळाशी वायलची नळी आडवी पडलेली, नळीवर दव जमलेलं, आणि मी वायल उजेडात धरून तिरकी केली तर आतलं द्रव एका बाजूला सरकलं. ते सरकताना बघितलं आणि पोटात गोळा आला, कारण गोठलेली वायल सरकत नाही. ड्राय आइस उणे ७८ डिग्री, आणि सेल्स त्याच्याही खाली, नायट्रोजनमधे ठेवायच्या असतात. तिथे गोठवताना घातलेलं डीएमएसओ हे रसायन सेल्सना वाचवतं, पण वितळलेल्या अवस्थेत तेच डीएमएसओ तासन्तास अंगावर राहिलं की सेल्स मारतं.

तरी थॉ केलं, म्हणजे वितळवून वाढवायला लावल्या, कारण टाकून द्यायला हात धजेना. मेलेल्या सेल्सना निळं करणाऱ्या ट्रिपॅन ब्लूमधे बघितलं तर शंभरात तीसही जिवंत नव्हत्या आणि त्या तीसातल्याही बऱ्याचशा दुसऱ्या दिवशी तरंगत होत्या. माझी ज्युनिअर रडकुंडीला आलेली, ताई आपल्या हातून काही चुकलं का विचारत होती. तिच्या हातून काहीच चुकलं नव्हतं.

रिप्लेसमेंट मिळालं पण सात आठवडे भांडल्यावर. डीलरचं म्हणणं थोडं नरम झालं तरी चालतं. मिळालं ते एवढ्यासाठीच की खोकं उघडायच्या आधी ज्युनिअरने ते वजनकाट्यावर ठेवून घड्याळासकट फोटो काढला होता आणि वायल तिरकी करतानाचा व्हिडिओपण होता. हे तिचं डोकं, माझं नाही. तेव्हा पार्सल आलं की आधी वजन, मग फोटो, मग कटर. आणि रिप्लेसमेंट डिसेंबरमधे पाठवा असं आम्हीच लिहून दिलं, त्यांना घाई होती केस बंद करायची तरी.

डिसेंबरचं पार्सल बुधवारी निघून शुक्रवारी सकाळी आलं, ड्राय आइस अर्ध्याहून जास्त शिल्लक, वायल दगडासारखी. त्याच दिवशी थॉ केलं.

थॉ करताना दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे फ्लास्कला आदल्या दिवशी पॉली एल लायसिनचं कोटिंग करून ठेवा, आम्ही २ मायक्रोग्रॅम दर चौरस सेंटिमीटर वापरलं. कोटिंगशिवाय करून बघितलं होतं एकदा, बसतात पण अर्ध्याच बसतात. दुसरं म्हणजे स्पिन करू नका. आपल्या सगळ्यांना सवय असते, वायल वितळली की लगेच सेंट्रिफ्यूज करून डीएमएसओ काढायचं, आणि माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असून हात आपोआप तिकडे जातो. या सेल्सना थॉ झाल्या झाल्या स्पिनचा धक्का जास्त लागतो, भरपूर मीडियात पातळ केलेलं डीएमएसओ तेवढं नाही. वितळवा, हळूच मीडियात सोडा, फ्लास्क आडवा करा, इनक्युबेटरमधे ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मीडिया बदला. मधे उघडून बघायचा मोह आवरा. वायलमधे ५ लाख सेल्स असतात आणि चौरस सेंटिमीटरला ५ हजार टाकायच्या, म्हणजे एक टी ७५ आणि एक टी २५, म्हणजे ७५ आणि २५ चौरस सेंटिमीटरचे फ्लास्क, बरोबर भरतात. आमच्या जिवंत सेल्स शंभरात ८५ च्या वर आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेज कॉन्ट्रास्टखाली जे दिसलं ते मी विसरणार नाही. एंडोथेलियल सेल्स मी तीन वर्षं वाढवल्यात, त्या फरशीसारख्या एकीला एक लागून बसतात. या तशा अजिबात नाहीत. मोठ्या, चपट्या, काठ वेडेवाकडे, आणि प्रत्येकीला दोन तीन लांब हात, कोणाचा हात शेजारणीच्या अंगावरून पुढे गेलेला. जणू वडाच्या पारंब्या, जमिनीला टेकल्या की पसरायच्या. जवळ वाहिनी नाही, नुसतं प्लास्टिक आहे, तरी त्या काहीतरी धरायला शोधत असल्यासारख्या पसरतात. पूर्ण भरल्यावरपण त्या एकमेकींवर चढतात, त्यामुळे ८० टक्के झालं की पॅसेज करा, वाट बघू नका. ट्रिप्सिन थोडं आणि थोडाच वेळ, दोन मिनिटात स्कोपखाली बघायला लागा.

मीडियाबद्दल. त्यात सीरम फक्त २ टक्के असतं आणि वेगळं ग्रोथ सप्लिमेंट येतं. महाग आहे म्हणून बऱ्याच लॅब डीएमईएम या साध्या मीडियावर १० टक्के सीरम घालून चालवतात, आम्हीपण एका फ्लास्कमधे करून बघितलं. वाढतात, भराभर वाढतात, पण दहा दिवसात आमच्या सेल्स फायब्रोब्लास्टसारख्या सरळ आणि एका रांगेत दिसायला लागल्या. पैसे वाचले आणि पेरिसाइट गेली. मीडियाची बाटली उजेडात ठेवू नका आणि सप्लिमेंटचे छोटे भाग करून फ्रीझ करा, हे सगळ्यांना माहीत असतं तरी कोणीतरी बाटली बेंचवर विसरतंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या सेल्स खरंच पेरिसाइट आहेत का हे तुम्ही स्वतः तपासा. अडचण अशी आहे की पेरिसाइटला तिची एकटीची अशी एकही खूण नाही. पीडीजीएफआर बीटा फायब्रोब्लास्टवरपण असतो, एनजी २ स्मूथ मसलवरपण, सीडी १४६ तर एंडोथेलियल सेल्सवरपण. त्यामुळे तीन चार खुणा एकत्र बघायच्या आणि काय नाहीये तेपण बघायचं. आमच्या दुसऱ्या पॅसेजच्या सेल्समधे पीडीजीएफआर बीटा जवळजवळ सगळ्यांवर, एनजी २ बहुतेकांवर, एंडोथेलियलची खूण सीडी ३१ आणि रक्तातल्या सेल्सची खूण सीडी ४५ कुठेच नाही, आणि ॲक्टिन थोड्याच सेल्समधे, तेही फिकट. लेबलप्रमाणेच माल होता, इथे कंपनीला पूर्ण मार्क. सर्टिफिकेटवर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, मायकोप्लाझ्मा निगेटिव्ह होतं, तरी मायकोप्लाझ्माची, म्हणजे कल्चरमधे लपून राहणाऱ्या जंतूची, टेस्ट आम्ही परत केली आणि तीही निगेटिव्ह आली. आणि सर्टिफिकेट काहीही म्हणो, माणसाच्या प्रायमरी सेल्स आहेत, बीएसएल २ या सुरक्षा पातळीच्या लॅबशिवाय आणि क्लास २ कॅबिनेटशिवाय उघडायच्या नाहीत.

मग आम्ही तोच स्टेन प्रत्येक पॅसेजला केला, आणि तिथेच आमचं अर्धं वर्ष वाचलं. चौथ्यापर्यंत ठीक. पाचव्याला निम्म्याहून जास्त सेल्समधे ॲक्टिनच्या जाड तारा, सतारीच्या तारा ताणून बसवाव्यात तशा या टोकापासून त्या टोकापर्यंत. सहाव्याला जवळपास सगळ्यांमधे. आणि आम्ही त्यांना काहीच दिलं नव्हतं! डाग बनवायला लावणारा टीजीएफ बीटा नाही, सिलिका नाही, नुसत्या प्लास्टिकवर वाढत होत्या. आता विचार करा, सहाव्या पॅसेजला सिलिका घालून मी ॲक्टिन मोजलं असतं आणि लिहिलं असतं की बघा सिलिकामुळे पेरिसाइट डाग बनवणारी झाली, तर ते साफ खोटं ठरलं असतं, ती आधीच झालेली होती. याचं एक कारण समजण्यासारखं आहे. निरोगी फुफ्फुसाचा मऊपणा काही किलोपास्कलमधे मोजतात, फायब्रोसिस झालेलं फुफ्फुस त्याच्या कितीतरी पट घट्ट असतं, आणि आपला फ्लास्क त्या निरोगी फुफ्फुसापेक्षा लाखो पटींनी कडक. सेलला हाताखाली कडक लागलं की तिला वाटतं इथे जखम आहे, ताणून धरायला हवं. आम्ही मग जेलच्या मऊ थरावर वाढवून बघितल्या तर त्याच पॅसेजला ॲक्टिन बरंच कमी राहिलं. मऊ थराचं सामान महाग आहे आणि हात बसायला वेळ लागतो, पण फायब्रोसिसवर काम करत असाल तर दुसरा मार्ग नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यामुळे पहिल्याच दिवशी ठरवा की बँक कधी करायची, म्हणजे वायल गोठवून कधी साठवायच्या. आम्ही दुसऱ्या पॅसेजला १२ वायल गोठवल्या, मिनिटाला एक डिग्री उतरणाऱ्या डब्यात रात्रभर उणे ८० ला आणि सकाळी नायट्रोजनमधे. कंपनी पंधरा वेळा दुप्पट होतील अशी हमी देते, आणि होतात खऱ्या, पण दुप्पट होण्याची हमी म्हणजे पेरिसाइट राहण्याची हमी नव्हे, ही गोष्ट माहितीपत्रकात कुठे लिहिलेली नाही आणि ती लिहायला हवी. माझा एक स्टार त्यासाठीच कापलाय.

तिसऱ्या पॅसेजचा दिवस नेमका उत्तरायणला आला. सगळं बडोदं गच्चीवर, रस्ते रिकामे, आणि मी लॅबमधे मीडिया बदलतेय, खिडकीतून काप्यो छे काप्यो छे ऐकू येतंय. आईने तिळगुळाचा डबा दिला होता, तो हातमोजे काढून बाहेर व्हरांड्यात उभं राहून खाल्ला. त्या दिवशी आम्ही मॅट्रिजेल नावाच्या प्रथिनांच्या जेलवर पहिला प्रयोग लावला, दहा एंडोथेलियलला एक पेरिसाइट, फुफ्फुसातल्या हिशोबाने. नुसत्या एंडोथेलियल सेल्स मॅट्रिजेलवर काही तासांत नळ्यांचं सुंदर जाळं बनवतात आणि दुसऱ्या दिवशी ते जाळं तुटायला लागतं, हे मी शंभरदा पाहिलंय. पेरिसाइट घातलेल्या वेलमधे (प्लेटच्या खळग्यात) दुसऱ्या दिवशी जाळं उभं होतं. तिसऱ्या दिवशीपण बरंचसं उभं होतं. आम्ही पेरिसाइटला आधीच लाल रंग दिला होता, त्यामुळे फ्लुरोसन्समधे दिसत होतं की ती हिरव्या नळीच्या बाहेरून, जिथे दोन फांद्या फुटतात नेमकी तिथे, हात टाकून बसलीये. १८७३ मधे रुजेने जे पाहिलं ते बडोद्यात, सुट्टीच्या दिवशी घातलेल्या सेल्समधे मला दिसत होतं. मॅडमना फोटो पाठवला, त्यांनी फोन करून फक्त एवढंच विचारलं, कुठला पॅसेज? तिसरा म्हटल्यावर म्हणाल्या, मग खरं आहे.

सिलिकाचं काम अजून चालू आहे, त्याचा निकाल आत्ता सांगण्यात अर्थ नाही, निदान तीन दात्यांच्या सेल्सवर करून झाल्याशिवाय मी स्वतः त्यावर विश्वास ठेवणार नाही. एका दात्याची वायल म्हणजे एका माणसाचं फुफ्फुस, मग तुम्ही वेल कितीही लावा. बजेटमधे आधीपासून तीन लॉट धरा, नंतर मागायला गेलं की कमिटी विचारते पहिल्या सेल्स संपल्या का.

मार्क द्यायचे तर सेल्सना पाचात चार, मीडियाला साडेचार, माहितीपत्रकाला तीन, डिलिव्हरीला उन्हाळ्यात एक आणि हिवाळ्यात चार. कंपनीच्या टेक्निकल सपोर्टला मी एकदा ॲक्टिनच्या ताराबद्दल मेल केली होती, तीन दिवसांनी उत्तर आलं आणि ते चक्क उपयोगी होतं, मऊ थराचा विचार करा असं त्यांनीच सुचवलं. म्हणजे त्यांना माहीत आहे. मग पत्रकात का छापत नाहीत?

दुसऱ्या दात्याची वायल आम्ही नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघेल अशी सांगून ठेवलीये, सोमवारीच डिस्पॅच करायचं, शुक्रवारी नाही, आणि खोक्यात ड्राय आइस ५ नाही १० किलो, हे पर्चेस ऑर्डरवरच टाईप करून घेतलंय. वजनकाटा ज्युनिअरने आत्तापासूनच दाराजवळ आणून ठेवलाय.